सेहेचाळीस पावलं

मिश्कोल्त्सच्या विद्यापीठात, तळमजल्यावर,
आम्ही द्वेष मोजतो.
सकाळी नऊ ते पाच, मध्ये सूप-पावाची सुट्टी.
जुन्या जिल्हापत्राची कात्रणं,
एकेका कात्रणाला शून्य ते चार.
शून्य म्हणजे नुसती बातमी. एक म्हणजे कुरकुर.
दोन, ‘ती माणसं तसलीच’.
तीन, जिथे माणसाच्या जागी उंदीर येतो, कीड येते.
चार, जिथे कुणीतरी म्हणतं,
चला, आता काहीतरी करूच.

गिझेला रोश्ताश माझ्या शेजारी, पाठीला पाठ लावून.
एकमेकींचे आकडे बघायचे नाहीत, असा नियम.
शुक्रवारी प्राध्यापक इबोया दोघींचे तक्ते ताडून बघते
आणि मतभेदाचा दशांश काढते.
बरा आहे, म्हणते. छापण्याजोगा.

कात्रण चारशे बारा. ऑगस्ट, एकोणीसशे त्र्याण्णव.
वाचकांची पत्रं, पान सात,
बाजूला कलिंगडं स्वस्त झाल्याची चौकट.

‘संपादक महोदय, माझा कुणावर राग नाही.
पण वरच्या आळीची मंडळी सार्वजनिक नळावर
पोरं धुतात, गालिचे धुतात, दिवसभर पाणी वाहतं.
माझ्या फाटकापासून नळ सेहेचाळीस पावलं,
मोजून सांगतो आहे.
नळाला कुलूप लावावं, किल्ली जबाबदार माणसाकडे असावी,
इतकीच नम्र विनंती.
आपला, एक करदाता.’

मी ‘एक’ टाकला.
शिवी नाही, जमातीचं नाव नाही,
वाक्यं इस्त्रीच्या शर्टासारखी.
पुढचं कात्रण उघडलं
आणि परत मागे आले.

आमच्या गावात रूळ तपासणारा एकच माणूस
सगळं पावलांत सांगायचा:
चर्च दोनशे दहा, गुत्ता त्याच्या अलीकडे,
नळ सेहेचाळीस.
मी आठ वर्षांची, त्याचं बोट धरून चालायचे,
माझी सत्तरच्या वर जायची.
तो म्हणायचा, तुझी मोजणी चुकते.

गिझेलाने ‘चार’ दिला होता.

शुक्रवारी पत्र भिंतीवर मोठं करून लावलं.
कायदा शाखेचा झोम्बोर म्हणाला,
कोर्टात हे उभं राहणार नाही.
नाव नाही, धमकी नाही,
आणि नळाची काही अब्रूनुकसानी होत नाही.
सगळे हसले. गिझेलासुद्धा, जराशी.
मग म्हणाली, माझ्या गावचं नाही हे.
पण आमच्याकडचा नळही असाच बंद झाला,
‘नम्र विनंती’ने.
ज्याच्याकडे विनंती केली त्याने ऐकली ना,
मग झाले चार.

कुणी काही बोललं नाही. पंखा फिरत होता.
मला आपलं एवढंच सुचत राहिलं:
एखाद्याला पाण्यात पाहायचं
तर आधी पाणी लागतं.
की नळ बंद करूनही पाहता येतं?

हितसंबंध जाहीर करायचा एक फॉर्म असतो, फिकट हिरवा.
तो घरी आणला.

रविवारी फोन केला. मिरच्या वाळत घातल्यात, म्हणाला,
गुडघा धरतो, म्हणाला,
शेजारी नवीन कुणी राहायला आलंय,
त्यांच्याबद्दल चांगलं बोलला.
आणि तुझं काम? नक्की करतेस काय तिथे?
मोजते, म्हटलं.
खूश झाला. घेतलंस की माझं, म्हणाला.
मग थोडं थांबून,
बरोबर येते का मोजणी?

‘संबंधित व्यक्तीशी नातं’ या रकान्यात
मी पेन्सिलीने ‘मुलगी’ लिहिलं होतं.
खोडलं. परत लिहिलं, पेनने.
एकाचे चार अजून केलेले नाहीत.
गिझेला उद्या नऊला येईल,
कोट खुंटीला लावेल,
पाण्याची बाटली टेबलावर ठेवेल
आणि भिंतीकडे तोंड करून बसेल.